फॉरमॅट मारण्याआधी

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या आजारांवर एकच औषध: फॉरमॅट मार. हँग होतंय? फॉरमॅट मार. स्क्रीन काळी झाली? फॉरमॅट मार. पुणं असो नाहीतर हिंगोली, दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य ठरलेलं. रोग जातो हे खरं, पण रोग्यासकट :-)

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा हिंगोलीचा भाचा, बीएस्सी फिजिक्सवाला. त्यांच्या जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया वेधशाळेची जागा आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले २,६०० कोटी. गुरुत्वीय लहरी आपल्या गावाशेजारी मोजणार म्हटल्यावर पोरगा पेटला. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, तिचा डेटा आता कुणालाही फुकट उतरवता येतो. याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, ढीगभर फायली उतरवल्या, पायथॉन शिकला. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट. बॅकअप? शून्य.

आणि एका शनिवारी रात्री फोन. "मामा, पासवर्ड बरोबरच टाकायलोय, पण एक सेकंद काळं होऊन परत तिथंच यायलंय. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागंल. सोमवारी सबमिशन हाय."

आता बघा, पासवर्ड चुकला असता तर मशीनने तसं तोंडावर सांगितलं असतं. इथे पासवर्ड पास होत होता आणि गाडी पुढे कुठेतरी अडत होती. लिनक्समध्ये चित्रं, खिडक्या, माऊस हा सगळा वरचा मजला. एक्स विंडो सिस्टीम १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली, तेव्हापासून ती सिस्टीमवर चालणारा एक प्रोग्रामच आहे. तो पडला म्हणून खालचं घर पडत नाही. म्हटलं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तोच पासवर्ड टाकला, आत गेला. फायली दिसतात का? "हो मामा, सगळ्या हायेत." इथे निम्मा जीव भांड्यात पडला.

मग 'डीएफ -एच' टाइप करायला लावलं. ही कमांड डिस्क किती भरलीय ते सांगते. उत्तर आलं: १०० टक्के.

झालं असं होतं. लॉगिन झाल्यावर एक्सची एक किल्ली तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फायलीत लिहिली जाते. तिचं नाव खरंच 'मॅजिक कुकी' आहे! डिस्कवर जागाच नाही, म्हणून किल्ली लिहिली जात नाही. किल्ली नाही, म्हणून डेस्कटॉप दार उघडत नाही आणि तुम्हाला परत लॉगिनवर आणून सोडतो. मग मुळात मशीन सुरू तरी कसं झालं? तर 'ईएक्सटी४' फाइल सिस्टीम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवते. एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते ना, तसं. गाडी खच्चून भरली तरी ती सीट धरून ठेवलेली.

'सुडो ऍप्ट क्लीन' केलं, जुन्या पॅकेजच्या फायली गेल्या. एकच डेटा तीन-तीनदा उतरवला होता, त्यातल्या जास्तीच्या प्रती उडवल्या. मग लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि पासवर्ड टाकला. डेस्कटॉप हजर! सगळं मिळून वीस मिनिटं. पुढची वीस मिनिटं प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर कॉपी करण्यात गेली, आणि ती होईपर्यंत मी फोन ठेवू दिला नाही.

तो मला "मामा, तुम्हाला लईच येतं" वगैरे म्हणाला. पण मी केलं काय? अडलंय कुठे, एवढंच विचारत गेलो. पासवर्ड? नाही. खातं? नाही. डिस्क? हो. लायगोवालेही हेच करतात. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजायची, तर आधी भूकंप, ट्रक, वारा, यंत्राची स्वतःची कुरकुर एकेक करून बाजूला काढावी लागते. ते त्याला सांगितलं, तेव्हा पलीकडे जरा शांतता.

मग म्हणाला, "मामा, डीएफ वजा एच ना? लिहून ठेवतो."