संघ आपला, मालक कोण?

मैत्रिणींनो, फुटबॉलचं नाव वाचून पान उलटू नका. पुढच्या पानावरच्या पाककृती काही पळून जात नाहीत. ऑफसाइडचा नियम वगैरे मी तुम्हाला समजावणार नाही. मला बोलायचंय ते मालकीबद्दल. घर नावावर एकाच्या आणि जीव गुंतलेला दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्या बायकांइतका आणखी कोणाला ठाऊक असणार?

आम्ही राहतो वर्सोव्याला. इथून मेट्रोत बसलं की दुसरं स्टेशन आझाद नगर. तिथे उतरलं की जवळच वीरा देसाई रस्त्यावर पालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल लागतं. मुंबई सिटी हा आपल्या शहराचा फुटबॉल संघ २०१६ साली तिथे खेळायला आला. मैदान लहानसंच, सात-आठ हजार माणसं बसतील एवढं. पण सामना असला की निळे शर्ट घातलेल्या मुलांनी मेट्रोचा डबा भरून जातो. आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव त्यातलाच एक. भाजी आणायला सांगितली तर पाय दुखतात, मॅचला मात्र धावत जातो!

या संघाची जन्मकुंडली आता मला तोंडपाठ झाली आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हाच हा संघ निघाला. मालक होते अभिनेता रणबीर कपूर आणि चार्टर्ड अकाउंटंट बिमल पारेख. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप नावाच्या परदेशी कंपनीनं संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. इंग्लंडमधला मँचेस्टर सिटी हा प्रसिद्ध क्लब याच कंपनीचा. न्यूयॉर्क, मेलबर्न अशा ठिकाणीही तिचे क्लब आहेत, मुंबईचा आठवा. आणि या कंपनीचा सर्वांत मोठा हिस्सा आहे अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्याकडे. म्हणजे आझाद नगरच्या मैदानावर धावणाऱ्या अकरा जणांच्या तिजोरीची किल्ली थेट आखातात!

हे कळलं तेव्हापासून आमच्या घरी रविवारचे पोहे काही शांतपणे खाऊन होत नाहीत. चिरंजीवांचं म्हणणं, पैसा कुठूनही येवो, संघ तर जिंकला ना? त्याच्या हाती पुरावाही आहे. नव्या मालकांच्या पैशावर सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि २०२०-२१ च्या मोसमात मुंबईनं लीगमधला पहिला क्रमांकही मिळवला आणि अंतिम सामनाही जिंकला. एकाच मोसमात या दोन्ही गोष्टी करणारा लीगमधला तो पहिला संघ. करोनामुळे ते सगळे सामने गोव्यात झाले. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला बिपिन सिंगनं शेवटच्या मिनिटाला गोल मारला, तेव्हा आमच्या घरात एवढा आरडाओरडा झाला की खालच्या वहिनी धावत वर आल्या. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईनं इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबानं जिंकलेला तो पहिलाच सामना.

पण आमच्या वन्सं मडगावला दिलेल्या. त्या फोनवरून म्हणतात, "जिंकलात खरं, पण कुणाच्या जिवावर? लोबेरा आमच्या एफसी गोवाचे. त्यांच्या पाठोपाठ बुमूस, जाहू, फाल आमचेच तिघं उचलून नेलेत. तयार केलेलं ताट पैसे देऊन नेण्यात कसला आलाय पराक्रम?" यावर चिरंजीव गप्प. आत्याबाईंना उलट उत्तर द्यायची सोय नाही.

आमचे हे वेगळाच मुद्दा काढतात. ते म्हणतात, "शेठजीनं संघ घेतला तर तो हौसेसाठी किंवा जाहिरातीसाठी घेतो. पण राजघराणं घेतं तेव्हा त्याला काय हवं असतं?" मालकांच्या बाजूनं सांगितलं जातं की तो शेखसाहेबांचा खासगी पैसा आहे. टीका करणारे विचारतात, ते देशाचे उपपंतप्रधान, राष्ट्राध्यक्षांचे सख्खे भाऊ. तिथे घर कुठे संपतं आणि सरकार कुठे सुरू होतं? सौदी अरेबियाच्या बाबतीत तर आडपडदाच नाही. २०२१ साली त्यांच्या सरकारी निधीच्या पुढाकारानं इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब विकत घेतला गेला. गावातले लोक अरबी पद्धतीनं डोक्याला फडकी गुंडाळून रस्त्यावर नाचले. पण त्याआधी एका बाईनं हा व्यवहार होऊ देऊ नका म्हणून इंग्लंडच्या लीगला विनंती केली होती. २०१८ साली इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत ज्या जमाल खशोगी या पत्रकाराचा खून झाला, त्यांची ती वाग्दत्त वधू. लग्नाचे कागद आणायला ते आत गेले आणि ती दाराशी वाट बघत राहिली. हे मी चिरंजीवांना सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला.

तरी मला स्वतःला हा प्रश्न काळा-पांढरा वाटत नाही. माझा मावसभाऊ अबुधाबीत वीज दुरुस्तीची कामं करत असे. त्याच्या पैशावर रत्नागिरीजवळचं घर उभं राहिलं, दोन बहिणींची लग्नं झाली. पण पासपोर्ट मालकाकडे अडकला म्हणून वडिलांच्या शेवटच्या दर्शनाला तो पोहोचू शकला नाही. आता तो पैसा चांगला म्हणायचा की वाईट? मावशीला विचारलं तर ती डोळ्यांना पदर लावते आणि म्हणते, "घर तर झालं गं."

गंमत बघा, नोव्हेंबर २०२३ मध्ये रियाधचा अल हिलाल क्लब नेरूळला मुंबई सिटीशी खेळायला आला. त्याच वर्षी अल हिलालचा ७५ टक्के हिस्सा सौदी सरकारी निधीकडे गेला होता. नेमार खेळणार म्हणून सगळे हरखले होते, पण तो जखमी होऊन घरी बसला. हे आणि चिरंजीव अंधेरीहून गाड्या बदलत नेरूळला गेले. मुंबई ०-२ नं हरली. पण मी मनात म्हटलं, नेरूळच्या मैदानावर दोन संघ, आणि दोघांचेही धनी आखातातले. आपले फक्त मैदान, घसा आणि तिकिटाचे पैसे!

मामंजींना मात्र यातलं काही नवीन वाटत नाही. ते तरुणपणी कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जात. ही स्पर्धा १८९१ सालची. ते सांगतात, "आमच्या वेळी टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्र असे संघ होते. मालक इथलेच, खेळाडूंना नोकरी होती. पण काय झालं? मालकाला वाटलं तोवर संघ, नको वाटलं की कुलूप." आणि खरंच, महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंदही झाला. २००७ साली निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये मिटला. आमच्या वन्संच्या गोव्यातही तेच. खाणमालकांच्या घराण्यांनी वाढवलेले डेंपो आणि साळगावकर, शिवाय स्पोर्टिंग क्लब, या तिघांनी २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. डेंपो पुढे परतला. निषेध मालकांचा होता, पण रिकाम्या रविवारी बसून राहिले ते प्रेक्षक. तेव्हा मालक गावचा असला म्हणजे संघ सुरक्षित, असंही नाही.

मग सभासदांचाच क्लब का असू नये? जर्मनीत तसा नियमच आहे. काही अपवाद सोडले, तर क्लबातली निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत. स्पेनमधले बार्सिलोना आणि रिआल माद्रिद हेही सभासदांचे क्लब. ऐकायला किती छान! पण आपण महाराष्ट्रातल्या बायका. सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ आपण जवळून पाहिलेले आहेत. सभासद हजारो, आणि खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात. सभासद जागा असेल तरच सहकार, नाहीतर तोही एक मालकच.

हा विषय मला इतका का लागला, तेही सांगते. मी ज्या खासगी शाळेत शिकवते, ती काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेनं घेतली. खोटं कशाला बोलू, मुलींची स्वच्छतागृहं पहिल्या महिन्यात दुरुस्त झाली. जुन्या मंडळाकडे त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज करत होतो. वाचनालय झालं, नवी बाकं आली. आणि एक दिवस चौघी शिक्षिकांना पत्र मिळालं, उद्यापासून तुम्ही अर्धवेळ. पत्रावर सही करणाऱ्या गृहस्थांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं. बारा वर्षं मी त्या वर्गात उभी आहे. कोणाशी भांडायचं हेच कळेना. दूरच्या मालकाचा खरा त्रास हा आहे, मैत्रिणींनो. तो दुष्ट असतोच असं नाही, पण त्याचं दार ठोठावायला आपला हात पोहोचत नाही.

म्हणूनच २६ डिसेंबर २०२५ ला आलेल्या बातमीनं मी दचकले. सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबईतून अंग काढून घेतलं आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे गेला. कारण सांगितलं ते लीगच्या अनिश्चिततेचं. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला होता आणि मोसम सुरू होण्याचं नाव नव्हतं. सहा वर्षांत लीगचे दोन करंडक आणि दोनदा पहिला क्रमांक देऊन मंडळी एका निवेदनासरशी निघून गेली. चिरंजीव दोन दिवस धड जेवला नाही. "आई, आता आपली टीम बंद होणार?" एवढंच विचारत होता. शेवटी सरकारच्या मध्यस्थीनं फेब्रुवारी २०२६ मध्ये लीग सुरू झाली, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर हसू आलं.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात आलं, या मुलाला काय सांगावं? पैसे परक्याचे म्हणून प्रेम करू नकोस, असं सांगणं मला पटेना. प्रेम का कोणी सातबारा बघून करतं? आपण सासरच्या घरात किती वर्षं काढतो! कागदावर आपलं नाव नसतं, पण कुठली भिंत ओल धरते ते आपल्यालाच ठाऊक असतं. पण म्हणून कागद बघायचाच नाही, हेही चूक. मी पोरींना वर्गात नेहमी सांगते, संसार मनापासून करा, पण घराचे कागद कुठे ठेवलेत ते माहीत असू द्या.

तेच मी त्याला सांगितलं. संघावर जीव टाक, पण तीन गोष्टी विचारत जा. पैसा कुठून येतो आणि देणाऱ्याला त्यातून काय हवंय? त्या पैशातून आपल्या शहरातली किती मुलं खेळायला तयार होतात? आणि मालक उद्या उठून गेला तर मागे काय उरतं? मैदान पालिकेचं आहे, ते उरतं. आणि तुम्ही ओरडणारी पोरं उरता.

तुमच्या ओरडण्यात ताकद असते, हेही सांगितलं. कोलकात्याचं उदाहरण घ्या. २०२० साली मोहन बागान या शंभरी ओलांडलेल्या क्लबात एका उद्योगसमूहानं ८० टक्के हिस्सा घेतला आणि नावाआधी आपल्या जुन्या संघाचं 'एटीके' लावलं. चाहत्यांनी मोर्चे काढले, फलक धरले, तीन वर्षं धोसरा सोडला नाही. २०२३ मध्ये ती अक्षरं काढावी लागली. मालक तोच राहिला, पण नाव त्याला लोकांच्या मनासारखं ठेवावं लागलं.

हे ऐकून आमच्या चौघी शिक्षिकांनाही जरा धीर आला, असं म्हटलं तर हसाल. पण गेल्या महिन्यात आम्ही संस्थेला लेखी विचारलं की आमच्यापैकी कोणीतरी शाळेच्या बैठकीला बसावं. पालकांच्या सह्याही जोडल्या. उत्तर अजून यायचंय. पत्राची पोच मात्र मी जपून ठेवली आहे, घराच्या कागदांच्या फायलीतच.

तुमच्याही घरी असा निळा, लाल किंवा हिरवा शर्ट घालून हिंडणारा कोणी असेल. पुढच्या सामन्याच्या वेळी त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा आणि विचारा, "का रे, हा संघ कोणाचा?" उत्तर ऐकून घ्या. आणि तो तुम्हालाही ऑफसाइड समजावू लागला, तर समजून घ्या आणि मला जरूर कळवा.