कात्रीच्या आधी

केस गळू नयेत, पांढरे होऊ नयेत, दाट व्हावेत यासंबंधीचे सल्ले आपल्या वाचनात नेहमीच येतात. आज मला लिहायचे आहे ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या लांब केसांविषयी, आणि ते मोकळे राहू लागले की घरात जे लहानसहान प्रश्न उभे राहतात त्यांविषयी. केस ताटात पडतात, डोळ्यांवर येतात, चष्म्याच्या काडीत अडकतात, घामाने मानेला चिकटतात, उशीवर गुंततात. घरातील माणसे काही दिवस सोसतात आणि मग कोणीतरी म्हणते, "कापूनच टाकू या की!" कात्री हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, एवढेच माझे सांगणे आहे. केस मोकळे का राहू लागले, हा पहिला. आणि ज्यांचे केस आहेत त्यांना काय हवे आहे, हा दुसरा.

पहिला प्रश्न वैद्यकीय आहे. अंबाडा घालणे ही दिसायला किरकोळ गोष्ट. प्रत्यक्षात तिच्यासाठी दोन्ही हात खांद्यांच्या वर न्यावे लागतात, बाहू बाहेरच्या बाजूला वळवावे लागतात, मानेमागे न पाहता केवळ बोटांनी चाचपून केसांना पीळ द्यावा लागतो, आणि तोवर तोल सांभाळून उभे राहावे लागते. खांदा, मनगट, बोटे, तोल आणि स्मरण या साऱ्यांची त्यात परीक्षा होते. म्हणून जन्मभर नीटनेटका अंबाडा घालणारी स्त्री केस मोकळे सोडू लागली, तर ती खूण समजावी.

माझ्याकडे अनेक वर्षे मधुमेहासाठी येणाऱ्या एक आजी एकदा पाठीवर केस मोकळे सोडून आल्या. सोबतची सून कौतुकाने म्हणाली, "डॉक्टरबाई, आमच्या आईंना आता फॅशन सुचतेय." आजीही हसल्या. मी त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा सहज गेला, उजवा कानापर्यंतही पोहोचेना. खांदा तीन महिन्यांपासून आखडत चालला होता आणि "वयाचंच दुखणं" म्हणून त्यांनी कोणापाशी त्याचा उच्चार केला नव्हता. मधुमेहाच्या रुग्णांत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. वेदनाशामक औषध, शेक आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी त्यांचा हात पुन्हा वर जाऊ लागला, पण त्याला कित्येक महिने लागले. तोवर सून रोज सकाळी त्यांची वेणी घालून देत असे.

कारणे इतरही असतात. कंपवातात बोटांची चपळाई हळूहळू कमी होते. स्मृतिभ्रंशात वेणीचे पेड कोणत्या क्रमाने घालायचे हेच विसरायला होते. नैराश्यात विंचरण्याची इच्छाच उरत नाही. मात्र कालपर्यंत वर जाणारा एक हात आज अचानक उचलेनासा झाला, तोंड वाकडे दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. आणखी एक विरळ, पण लक्षात ठेवावे असे लक्षण सांगते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना कानशिलाजवळची त्वचा दुखणे आणि घास चावताना जबड्यात कळ येणे ही एकत्र आढळली, तर तेथील रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. उपचाराला विलंब झाल्यास त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कारण समजले, त्यावर उपचार सुरू झाले, तरी केसांची रोजची व्यवस्था उरतेच. लांब केस इतके का गुंततात, हे समजून घेतले की हात आपोआप हलका होतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कंबरेपर्यंत पोहोचलेल्या 70-75 सेंटीमीटर केसाचे टोक सुमारे सहा वर्षांचे जुने असते. त्यात उतारवयात टाळूतील तेलकट स्राव कमी होतो. अशी कोरडी, खरखरीत टोके एकमेकांत अडकतात. शिवाय दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविकच आहे. वेणीत ते अडकून राहतात आणि विंचरताना एकदम निघतात. मोकळे सोडल्यावर ते ताटात, अंथरुणावर, अंगावर दिसतात, म्हणून अधिक गळल्यासारखे वाटतात. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मात्र केस खरोखरच जास्त गळतात. ते बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होतात. तसे झाले नाही, तर रक्तातील लोहाची आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

गुंता कोरड्या केसांतच काढावा, कारण ओला केस ताणला जाऊन चटकन तुटतो. खोबरेल तेलाचे चार थेंब तळहातावर चोळून टोकांना लावावेत, मोठा गुंता आधी बोटांनी सैल करावा आणि मग रुंद दातांचा कंगवा घ्यावा. सुरुवात टोकाकडून करावी, तेथील गुंता सुटला की चार बोटे वर यावे. गुंत्याच्या वरचा केस दुसऱ्या मुठीत घट्ट धरला, की ओढ मुठीला बसते, टाळूला बसत नाही. "आई गं!" हा शब्द ऐकू आला नाही, तर आपले तंत्र बरोबर आहे असे समजावे. रात्री सैल वेणी घालून ती कापडी फितीने बांधावी. नुसते रबर लावल्यास केस तुटतात. उशीला गुळगुळीत अभ्रा घातल्यास घर्षण कमी होते.

काही जणींना केस मोकळे ठेवणे मनापासून आवडते. त्यांनी ते खुशाल ठेवावेत. कानांच्या पुढचे केस तेवढे मागे घेऊन एका चिमट्यात बांधले, की डोळे, चष्मा आणि जेवणाचे ताट, तिन्ही सुटतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कानामागचे केस बाजूला ठेवावेत. यंत्रावर केस घासले की खरखर ऐकू येते. उन्हाळ्यात दुपारपुरती तरी वेणी वर बांधावी आणि मान टिपून कोरडी ठेवावी, म्हणजे घामोळ्या येत नाहीत.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. देव्हाऱ्यापुढे वाकताना निरांजनाची ज्योत, गॅसची शेगडी, टेबल पंखा, शिलाई यंत्राचे चाक यांच्याजवळ जाण्यापूर्वी केस बांधलेच पाहिजेत. जिना उतरताना डोळ्यांवरची बट मागे सारण्यासाठी कठड्यावरचा हात सुटतो, आणि पडायला तेवढे पुरते. तेल लावल्यावर न्हाणीघराच्या फरशीवर सांडलेले थेंब पुसावेत. त्यावरून पाय घसरून हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

न्हाण्याविषयी थोडे. आठवड्यातून एक-दोनदा न्हाणे पुरेसे असते. ज्येष्ठांना स्टुलावर बसवून, डोळ्यांवर ओला पंचा धरायला देऊन डोके किंचित पुढे झुकवून न्हाऊ घालावे. मान मागे टाकून बेसिनवर बराच वेळ ठेवणे उतारवयात धोक्याचे असते, कारण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. केशकर्तनालयात अशा रीतीने केस धुतल्यानंतर पक्षाघाताची लक्षणे दिसलेल्या पाच स्त्रियांची नोंद 1993 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. अशी घटना क्वचितच घडते, पण ती टाळणे आपल्या हाती आहे. शाम्पू टाळूला लावावा. खाली ओघळणारा फेस लांब केसांना पुरतो. शिकेकाई वापरत असाल, तर तिचे पाणी गाळून घ्यावे. धुतलेले केस पंचात दाबून टिपावेत, झटकू नयेत. ओल्या केसांनी सर्दी होते ही समजूत खरी नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. तरीही वृद्धांना थंडी लवकर बाधते आणि ओले केस बांधून ठेवल्यास टाळूला खाज सुटते, म्हणून न्हाणे दुपारी उरकावे आणि केस पूर्ण वाळल्यावरच बांधावेत.

आता दुसरा प्रश्न. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती 82 वर्षांची होती. शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली तेव्हा पाठीवर पडून राहिल्यामुळे तिच्या कंबरेपर्यंतच्या केसांचा मानेमागे घट्ट गोळा झाला होता. तिची शुश्रूषा करणाऱ्या मावशी अनुभवी होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, कापून टाकू या. आजींनाही सुटसुटीत." वहिनीचेही तेच मत पडले. त्यात निष्ठुरपणा मुळीच नव्हता. गुंता काढताना आईला होणारा त्रास त्या दोघी रोज पाहत होत्या. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त एक हात केसांवर ठेवला.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच असताना मी विचारले, "आई, केस कापायचे का? तुला काय वाटतं?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "आमच्या घरी आत्याआजी होत्या, लाल आलवणातल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं." माझे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मग तीच म्हणाली, "दोन वेण्या घाल. शाळेत घालायचे तशा."

तो गुंता सुटायला तीन दिवस लागले. रोज वीस मिनिटे, तिला सोसवेल तेवढेच. मग दोन बाजूंना दोन सैल वेण्या घालून त्या खांद्यांवरून पुढे सोडल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी तिने सुचवलेली ही रचना शास्त्रीयदृष्ट्याही उत्तम आहे. डोक्यामागे गाठ येत नाही, उशीवर टोचत नाही, आणि मागची त्वचा उघडून पाहता येते. पाठीइतकेच डोक्याच्या मागच्या भागालाही दाबाचे व्रण होतात आणि लांब केसांखाली ते झाकलेले राहतात. म्हणून तो भाग, आणि प्राणवायूची नळी लावलेली असेल तर कानांमागची त्वचा, रोज पाहावी. झोपलेल्या रुग्णाच्या डोक्यात आकडे किंवा चिमटे ठेवू नयेत.

आत्याआजींचा उल्लेख अनेक ज्येष्ठ वाचकांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पती गेला की स्त्रीचे केस उतरवायचे, ही रूढी आपल्याकडील काही जातींत फार काळ टिकली. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील मोठी घटना आहे. तरीही आज ऐंशीच्या घरात असलेल्या कित्येक स्त्रियांनी बालपणी घरातील कोणा आजीचे झाकलेले मस्तक पाहिलेले आहे. आपण कात्री आणतो ती सोयीसाठी. त्यांना त्या कात्रीत काय दिसते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

याच प्रश्नाचे उत्तर उलटही येते. संधिवाताने बोटे वाकलेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुली आईचे सुंदर केस राखण्यासाठी धडपडत होत्या. मी बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं सगळ्यांना आवडतात म्हणून वाढवले. आता मला हलकं व्हायचंय." त्यांनी खांद्यापर्यंत केस कापून घेतले आणि पुढच्या खेपेला मान हलवून मला ते दाखवले.

कापायचे ठरलेच, तर लांबी त्यांनाच ठरवू द्यावी आणि एकदम आखूड न करता टप्प्याटप्प्याने कापावे. कापलेली वेणी ठेवायची आहे का, हेही विचारावे. स्मरण क्षीण झालेले असेल, तर लांबलचक प्रश्न न विचारता दोन पर्याय समोर दाखवावेत, आणि त्या चिडलेल्या किंवा घाबरलेल्या असताना हा विषयच काढू नये. एखादी गाठ कशानेच सुटत नसेल, तर सांगून तेवढीच कापावी.

शुश्रूषा करणाऱ्यांची दमछाक मी जाणते. औषधे, पथ्य, डायपर, रात्रीची जागरणे यांत केसांसाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण रोज दहा मिनिटे विंचरले, तर रविवारचा तासभराचा झगडा वाचतो. त्या दहा मिनिटांत टाळू, मान, कानांमागची त्वचा आपोआप पाहिली जाते आणि हात किती वर जातो तेही कळते. केसांविषयी काही ठरवायचे असेल, तेव्हा मात्र पाठीमागे उभे राहून ठरवू नका. आरसा त्यांच्या हाती द्या, समोर बसा आणि विचारा.