हिव

कोल्ड म्हणजे थंड, असं शाळेत पाठ केलं होतं. पुढच्याच धड्यात ‘आय हॅव अ कोल्ड’ आलं आणि सर म्हणाले, इथं सर्दी. थंडाचा एकाएकी आजार कसा झाला, हे कोडं मी घरापर्यंत घेऊन आलो.

ते उकललं शेजारच्या खालांनी. पौषातली सकाळ होती. अंगणात शेकत बसलेल्या खाला म्हणाल्या, “आज बहुत सर्दी है, बेटा.” मी त्यांच्या नाकाकडं बघितलं. नाक कोरडं होतं. त्या हवेबद्दल बोलत होत्या. फारसीत सर्द म्हणजे थंड. उर्दूत सर्दी ऋतूची राहिली, मराठीत मात्र ती नाकात येऊन बसली. म्हणजे इंग्रजांनी आपल्या शब्दाचं जे केलं, तेच आपणही पाहुण्या शब्दाचं केलं होतं. एवढ्यानं मला दिवसभर किती आनंद झाला होता!

आईचा शब्द वेगळाच. “हिव वाजायलंय रे, पांघरून घे.” हिम झिजून हिव झालं, हिवाळा, हिवताप, सगळी त्याचीच लेकरं. बर्फ कधी न पाहिलेल्या दुधनाकाठच्या बाईच्या तोंडात हिमालयातलं हिम होतं. आणि ते वाजायचं. दातांमुळं असेल, पण थंडीला ‘वाजते’ हे क्रियापद ज्यानं लावलं, त्याला ती हाडांत ऐकू आली असणार.

परभणीच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो. 1972 साली स्थापन झालेल्या आमच्या कृषी विद्यापीठात तो मोजतात. 2018 च्या डिसेंबरअखेरीस पारा पाच अंशांच्याही खाली उतरला होता. उन्हाळ्यात जिथं त्रेचाळीस-चव्वेचाळीस सोसावे लागतात, तिथली ही गोष्ट. गव्हाला, हरभऱ्याला थंडी हवी. “यंदा थंडी चांगली पडली,” असं अण्णा म्हणायचे, तेव्हा त्या शब्दात पोतीच्या पोती गहू असायचा. पण मोटारीची लाईट रात्रीच यायची. अण्णा बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे, नडगीभर पाण्यात अनवाणी. घोंगडं खांद्यावर, पाय चिखलात. पहाटे परतले की आई त्यांचे पाय आधी हातात घ्यायची. “लई गार पडलेत की ओ,” म्हणायची आणि चुलीत लाकूड सारायची. मग पायांवर तिचे तळहात घासल्याचा आवाज यायचा. मी पांघरुणातून ऐकत पडलेला असायचो. ती चांगली थंडी अण्णा पायांनी मोजत होते, हे मला फार उशिरा कळलं.

इंग्रजीत प्रेम आटलेल्या माणसाला कोल्ड म्हणतात. लांब हिवाळ्यांच्या देशात तसंच सुचणार. आमच्याकडं मात्र वैशाखात दारी आलेल्याला आधी माठातल्या पाण्याचा तांब्या देतात. तहान भागली की जीव गार होतो, लेक माहेरी आली की डोळे निवतात. आमची माया गारच असते. म्हणून बातम्यांतलं ‘थंडा प्रतिसाद’ मला अजून परकं वाटतं.

अण्णा गेले ते मे महिन्यात. दुपारी दीड-दोनची वेळ. पत्रे तापलेले, अंगणात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. कूलरसमोर खाट ओढलेली. आई पायथ्याशी बसली होती. तिनं त्यांचे पाय हातात घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाली, “लई गार पडलेत की ओ.”

मग ती तळहातांनी ते घासू लागली. आम्ही कुणी बोललो नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं बघितलं आणि चूल पेटवायला सांगितलं.

मी उठून पेटवली.