फेरो बेटांतील एक भोजन

स्कॉटलंड व आइसलंड यांच्या दरम्यान, उत्तर अटलांटिक महासागरांत, फेरो नांवाचीं १८ बेटें आहेत. 'मेंढ्यांचीं बेटें' असा या नांवाचा अर्थ सांगतात. वस्ती सुमारें ५५ हजार. राज्य डेन्मार्कचें, परंतु १९४८ पासून घरचा कारभार त्यांचा त्यांच्याकडे. धाकटे चिरंजीव कोपनहेगन येथें नोकरीस असल्यामुळें गेल्या फाल्गुनांत तिकडे जाण्याचा योग आला.

टोर्शाव्न हें तेथील मुख्य शहर. बंदरालगत काळ्या लांकडी भिंतींचीं, छपरांवर गवत वाढलेलीं जुनीं घरें आहेत. तशाच एका घरांतील खाणावळींत आम्ही शिरलों. दार उघडतांच जो दर्प आला, त्याला माझ्या संस्कृतांतहि शब्द सांपडेना! जुनाट चीज आणि वेंगुर्ल्याच्या बाजारांतील सुकी मासळी, यांच्या मधलें कांहींतरी.

हा 'रॅस्ट' मांसाचा दर्प. शरदांत कापलेला मेंढा मीठ न लावतां लांकडी खोपटांत टांगतात. खोपटाच्या फळ्यांमध्यें मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. त्यांतून खारा वारा अहोरात्र वाहतो. तेथील थंडी बेताची, त्यामुळें मांस गोठत नाहीं, नासतहि नाहीं, आंबतें. आणखी कांहीं महिने टांगून सुकलें, कीं तें 'शेर्पिचेट'. मग तें न शिजवितां पातळ काप करून खावयाचें. मीठ आटवावें तर जळणाला झाडें नाहींत, जव पेरावा तर तो धड पिकत नाहीं. तेव्हां या लोकांनीं वाऱ्यालाच आचारी केलें!

आम्ही सारस्वत, मासळी घरांत चालते. मांस मात्र पत्नी गेल्यापासून मीं सोडलें आहे. वाढणाऱ्या वृद्ध बाईंनीं 'हा माझ्या भावाचा मेंढा' असें सांगून ताट पुढें ठेवलें. चिरंजीव हळूच म्हणाले, "अण्णा, एक तुकडा घ्या. आई असती तर तिनेंच आग्रह केला असता."

तें खरें होतें, म्हणूनच मला उत्तर सुचेना. अखेर मीं माझ्या शाळेंतल्या इंग्रजींत बाईंना सर्व सांगितलें. त्यांनीं ताट उचललें आणि थोड्या वेळानें तसाच आंबविलेला मासा व उकडलेले बटाटे आणले. या माशावर मेंढीची मुरविलेली चरबी ओतण्याची तेथें चाल आहे. ती त्यांनीं आठवणीनें वगळली होती.

पहिला घास जिभेला झोंबला. चौथ्या घासाला तो दर्प कुठें गेला, कळलें नाहीं. शेवटीं रुबार्बचा आंबटगोड मुरंबा आला. तो मीं दोनदां मागून घेतला.

निघतांना बाईंनीं पत्नीचें नांव विचारलें. मीं सांगितलें. त्यांनीं तें उच्चारून पाहिलें. दुसऱ्या वेळीं अगदीं बरोबर आलें.