घसारा

वडिलांमागे घरात राहिला तो त्यांचा गणेशमंडळातला साइड ड्रम. घसारा काढत गेलं तर हिशेबात त्याची किंमत केव्हाच शून्य! कातडं, म्हणजे हल्लीचं प्लॅस्टिक, बदललं की ड्रम नवा, असं लोक समजतात. खरं दुखणं स्क्रूंचं. आटे झिजले की ताण उतरतो आणि खालच्या तारा चरचरायच्या सोडून नुसत्या खुळखुळतात. गुलमंडीवर ‘नवाच घ्या, साहेब’ हा सल्ला फुकट मिळाला. एका लेथवाल्याने मात्र जुन्या मापाचे स्क्रू कातून दिले. वर बजावलं, ‘समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एकाच बाजूला ओढ बसली की आटे गेलेच!’ (सासू-सुनेच्या घरात राहणाऱ्याला हे काय नवीन?) घरी येऊन दोन काठ्या मारतो न मारतो, तोच स्वयंपाकघरातून आई ओरडली, ‘अहो, हळू!’