हद्दीपलीकडचे डॉक्टर

पार्किन्सन्सच्या पेशंटला डॉक्टरांनी त्याच्या घरात चालताना बघायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. दवाखान्याच्या रुंद, मोकळ्या कॉरिडॉरमध्ये हे, म्हणजे माझे यजमान, छान चालून दाखवायचे. घरी मात्र बेडरूमच्या दारात आले की पाय जमिनीला खिळायचे. मी कितीही वर्णन केलं तरी ते डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हतं.

२०२० साली करोना आला आणि मॅनहॅटनमधल्या आमच्या न्यूरॉलॉजिस्ट बाई व्हिडिओवर भेटू लागल्या. आम्ही न्यू जर्सीत, बर्गन काउंटीत राहतो. मी फोन घेऊन यांच्या मागे मागे चालले, आणि दारात अडलेलं पाऊल बाईंनी प्रथमच पाहिलं. जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एकेक रेघ ओलांडायची असं मनात धरून त्यांना पाऊल उचलू दे, असं त्यांनी सांगितलं. ताटाशेजारी गोळ्यांची डबीही त्यांच्या नजरेस पडली. लेवोडोपा जेवणाबरोबर घेतली तर प्रथिनांमुळे नीट शोषली जात नाही, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी ठेवली. त्या दोन बदलांनी यांचे दिवस सुसह्य झाले.

साथीच्या काळात राज्यांनी नियम सैल केले होते. पुढे ते पुन्हा घट्ट झाले, आणि व्हिडिओ सुरू होताच प्रश्न येऊ लागला, ‘पेशंट आत्ता कोणत्या राज्यात आहेत?’ न्यू जर्सी म्हटलं की भेट रद्द. अमेरिकेत वैद्यकीचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं, आणि व्हिडिओवरचे उपचार पेशंट जिथे बसला असेल तिथे झाले असं कायदा धरतो. बाईंचा परवाना न्यूयॉर्कचा होता.

मग आम्ही रूट १७ धरून उत्तरेला जायचो आणि हद्द ओलांडली की सफर्नमध्ये एखाद्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावायचो. फोन डॅशबोर्डवर टेकवायचा. हे अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटून दाखवायचे, मूठ उघडमीट करायचे. चाल बघायची वेळ आली की यांना आधार देऊन खाली उतरवायचं आणि दोन गाड्यांच्या मधून चालवायचं. थंडीत अंग आणखी आखडायचं. प्रवासाच्या शिणाने हात जास्त थरथरला की आजार वाढलाय की दगदग झाली, हे बाईंनाही सांगता येत नसे. बेडरूमचं दार आणि त्यापुढच्या रेघा मागे न्यू जर्सीतच राहिलेल्या असायच्या. डॉक्टरांनी घर बघावं म्हणून जी सोय मोलाची, तिच्यासाठी पेशंटलाच घराबाहेर पडावं लागत होतं.

परवान्याचा नियम मुळात पेशंटच्या भल्यासाठी आहे, हे मला मान्य आहे. फ्रँक डेंट यांच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात १८८९ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार उचलून धरला. भोंदूगिरीला आळा घालायला तो लागतोच. डॉक्टर चुकला तर दाद कुठे मागायची, हेही त्यामुळे ठरतं. पण ज्या बाई यांना वर्षानुवर्षं तपासत आल्या, ज्यांच्याकडे सगळे रिपोर्ट आहेत, त्या हडसन नदीच्या अलीकडे अनोळखी कशा ठरतात?

२०१७ पासून आंतरराज्य करारातून डॉक्टरांना इतर राज्यांचे परवाने लवकर मिळू लागले, तरी प्रत्येक राज्याचा परवाना आणि फी वेगळीच. शिवाय न्यूयॉर्क त्या करारात नव्हतंच. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांना मात्र २०१८ पासून कोणत्याही राज्यातल्या पेशंटला व्हिडिओवर तपासता येतं. सैनिकांसाठी जे सुरक्षित आहे, ते यांच्यासाठी का नसावं? डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या राज्यांतले डॉक्टर आणि त्यांचे इथले पेशंट न्यू जर्सीच्या नियमाविरुद्ध फेडरल कोर्टात गेले, तेव्हा आपल्यासारखे आणखी किती जण आहेत हे जाणवलं.

माझी आई बेळगावला असते. पुण्यातले डॉक्टर तिला व्हिडिओवर तपासतात. भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि नोंदणीकृत डॉक्टरांना देशात कुठल्याही पेशंटला सल्ला द्यायची मुभा मिळाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून किती वाद झाले हे आम्हा बेळगावकरांना सांगायला नको. पण आईच्या औषधपाण्याच्या आड ती सीमा येत नाही.

न्यू जर्सीच्या विधिमंडळातल्या आमच्या प्रतिनिधींना मी हेच लिहून कळवलं आहे. पहिली तपासणी समोरासमोर होऊ द्या. त्यानंतरच्या भेटींसाठी डॉक्टरांच्या राज्याचा परवाना पुरेसा धरा, आणि तक्रार आली तर त्याच राज्याच्या मंडळाने तिची दखल घ्यावी. एवढं झालं तर जुन्या पेशंटची ओळखीच्या डॉक्टरांशी ताटातूट होणार नाही, आणि कुणाचं संरक्षणही कमी होणार नाही.