रेम : संगणकाने न वाचलेली ओळ

१/ इतिहासाचे साधन म्हणजे ताम्रपट, बखर किंवा मोडीतला दस्तऐवज, अशी माझी समजूत होती. अंबाजोगाईच्या आमच्या घरातील एका जुन्या संगणकाने ती मोडली. दिवंगत काकांनी १९९६ साली त्यावर योगेश्वरीच्या आरतीची चाल बसवली होती. ती ऐकण्यासाठी मला एक साउंड कार्ड पुन्हा जागे करावे लागले. त्याची ही हकीकत. #थ्रेड

२/ आधी पार्श्वभूमी. आरंभीच्या पीसीला आवाज असा नव्हताच. एक लहानसा स्पीकर ‘बीप’ करी. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब कार्डाने त्याला संगीत दिले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरने ध्वनिमुद्रित आवाजाचीही जोड दिली. काकांचे कार्ड होते १९९२ साली आलेले साउंड ब्लास्टर १६.

३/ हे कार्ड म्हणजे एका वाड्यातली चार बिऱ्हाडे : आवाज मुद्रित करून ऐकवणे, यामाहा चिपचे संगीत, मिडी व जॉयस्टिकचे पोर्ट, आणि सीडी ड्राइव्हची जोडणी. मुख्य बिऱ्हाडाचा पत्ता बहुधा २२०, मिडीचा ३३०. याशिवाय आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची तार. आणि डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून ध्वनी नेण्याची वाट.

४/ दोन कार्डांनी एकच पत्ता धरला की भांडण ठरलेले. तेव्हा हा निवाडा माणसालाच करावा लागे. या कार्डावरचा पत्ता जंपर हलवून बदलायचा, आणि ऑटोएक्झेक.बॅट या फाईलमध्ये तोच लिहायचा : सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५. कार्डावर एक आणि फाईलमध्ये दुसरे असले, की ड्रायव्हर भलत्याच दारावर थाप मारतो.

५/ काकांची फाईल सीएमएफ प्रकारची, जेमतेम काही किलोबाइटची. तिच्यात ध्वनी नाहीच. कोणता स्वर केव्हा, किती वेळ, आणि चिपने त्याचा पोत कसा घडवावा, एवढ्याच सूचना आहेत. ही एफएम पद्धत जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या निबंधात मांडली. यामाहाने ती चिपमध्ये आणली. काकांनी ऐकला तोच आवाज हवा, तर तीच चिप हवी.

६/ आता माझी चूक. मोठ्या आत्मविश्वासाने मी काकांची ऑटोएक्झेक फाईल न वाचताच बाजूला ठेवली आणि नवी लिहिली. पत्ता घातला २२०, कारण सगळे तोच घालतात. ड्रायव्हरचे उत्तर : कार्ड सापडत नाही. दोन रात्री मी स्लॉट पुसले, कार्ड काढून पुन्हा बसवले, ते मेले असे समजून शोकही केला.

७/ तिसऱ्या रात्री जुनी फाईल उघडली. तिच्यात ‘रेम’ने सुरू होणारी एक ओळ होती. रेम म्हणजे शेरा. संगणक ती ओळ ओलांडून पुढे जातो. रोमन लिपीतल्या मराठीत काकांनी लिहिले होते : ‘२२० वर दुसरे कार्ड आहे. २४० ठेवा.’ कार्डावरचा जंपर खरोखरच २४० वर होता. अस्सल साधन हाताशी असताना मी ऐकीव माहितीवर विसंबलो होतो.

८/ पत्ता बदलला, संगणक पुन्हा सुरू केला. स्पीकरमधून चाल उमटली : पितळी, थोडी कोरडी, दुसऱ्या कडव्यानंतर एका स्वरावर अडखळणारी. ती अडखळ काकांची होती. मी ती दुरुस्त केलेली नाही.

९/ याच गावी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’. ती वाचायला डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते. काकांच्या आरतीला मात्र चिप, जंपर, ड्रायव्हर आणि ती एक ओळ, हे सारे लागले. यांतले एक जरी हरवले असते तरी फाईल शाबूत राहून मुकी झाली असती.

१०/ म्हणून एक विनंती. घरचा जुना संगणक भंगारात देण्याआधी कार्डांवरच्या जंपरची छायाचित्रे घ्या, आणि ऑटोएक्झेक.बॅट व कॉन्फिग.सिस या दोन फाईली उतरवून ठेवा. रेमच्या ओळी आधी वाचा. त्या यंत्रासाठी नाहीत, आपल्यासाठी आहेत.